शिवणीतली माया

"ताई, टेप मागून खाली घसरलीय. अशानं माप चुकतं."

माझ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाची दारू बंद होऊन तो अकरावा दिवस होता. उंची पाच फूट सहा इंच, वजन ४८ किलो. गालफडं आत गेलेली, दंड एवढा बारीक की माझ्या मुठीत मावावा. मी त्यांच्या कमरेचं माप घेत होते आणि ते मला माप कसं घ्यायचं ते सांगत होते. मी त्यांना काका म्हणायचे. चिकपेटेतल्या एका बोळात तीस वर्षं त्यांनी शर्ट-पँटी शिवल्या होत्या. बेंगळुरातल्या जुन्या भावसार कुटुंबातले. घरात मराठी, दारात कन्नड. शहाजीराजांना इथली जहागीर मिळाली तेव्हापासून आम्ही इथं आहोत, असं ते सांगत. त्यांची मराठी माझ्या बेळगावच्या मराठीपेक्षाही वेगळी होती, पण आम्हाला एकमेकांचं सगळं कळायचं.

त्यांनी माझ्या हातातून टेप घेतली. हात कापत होते. तरी त्यांनी ती पाठीमागून बेंबीच्या रेषेत बरोबर आडवी आणली, पुढे दोन्ही टोकं जुळवली आणि आत दोन बोटं घातली. "ही दोन बोटं ठेवायची. नाहीतर माणूस कपड्यात श्वास घेत नाही." मग खाली न बघताच म्हणाले, "अठ्ठावीस."

मी टेपेची दुसरी बाजू वाचली. ७१ सेंटिमीटर. बरोबर होतं.

गेल्या अकरा दिवसांत या माणसाला सगळ्यांनी फक्त सूचना दिल्या होत्या. गोळी घ्या, पाणी प्या, झोपा, उठा, खरं सांगा. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्याला काही सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज वेगळा लागला. व्यसनमुक्ती केंद्रात आहारतज्ज्ञ म्हणून मला तेव्हा सात वर्षं झाली होती. वजन, उंची, रक्ताचे रिपोर्ट माझ्या कागदावर असायचे. असा आवाज टिपायला त्या कागदावर रकाना नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तो समासात पेनानं आखला.

बेंगळुरात माणसं भेटली की एकमेकांना विचारतात, "ऊट आय्ता?" जेवण झालं का? आपल्याकडे 'काय, कसं काय' म्हणतात तसं. उत्तर ठरलेलं असतं, "आय्तु." झालं. पिणारी माणसं हे उत्तर वर्षानुवर्षं देत असतात आणि ते बहुतेक वेळा खोटं असतं. सकाळी मळमळतं म्हणून खात नाहीत. दुपारी हात थरथरतात म्हणून चारचौघांत जेवायला बसत नाहीत. रात्री पोटात दारू असते, तिच्यावर दोन घास. काकांच्या बायकोनं मला सांगितलं की गेल्या दोन वर्षांत त्यांनी ताटातला भात संपवलेला तिला आठवत नाही. ती रोज वाढायची आणि रोज तो भात गल्लीतल्या गाईला जायचा.

दारूत उष्मांक असतात, हेच पुष्कळांना माहीत नसतं. एका ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७ उष्मांक, म्हणजे साखरेच्या जवळजवळ दुप्पट. एका क्वार्टरमध्ये, १८० मिलिलिटर व्हिस्कीत, सव्वाचारशेच्या आसपास. रोज दोन क्वार्टर पिणारा माणूस पाच भाकऱ्यांइतके उष्मांक बाटलीतूनच घेतो. त्यात प्रथिनं नाहीत, जीवनसत्त्वं नाहीत, क्षार नाहीत. शरीराला वाटतं पोट भरलं, आणि ते भुकेचा निरोप धाडायचं थांबवतं. काकांनी पिण्याची सुरुवात सारायीच्या, म्हणजे स्वस्त देशी दारूच्या, पाउचनं केली होती. २००७ च्या जुलैपासून कर्नाटकात सारायी बंद झाली, तेव्हा ते क्वार्टरवर आले. खर्च वाढला आणि ताटात आणखी कमी पडू लागलं.

या उपासमारीतली सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, थायमिन. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच असतो. दारू ते आतड्यातून नीट शोषू देत नाही, आणि खाण्यातून ते येतच नसतं. साठा संपला की मेंदूवर घाला येतो. डोळे भिरभिरतात, चाल बिघडते, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो. १८८१ मध्ये कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरानं अशा तीन रुग्णांचं वर्णन केलं, त्यातले दोघे दारू पिणारे होते. घरच्यांना हे सगळं 'अजून उतरली नाही' असं वाटतं, म्हणून ते वाट बघत बसतात. पुढे आठवणच कायमची जाऊ शकते. म्हणून दाखल झाल्यावर डॉक्टर आधी थायमिनचं इंजेक्शन देतात, मग ग्लुकोज, मग जेवण. हा क्रम मला नातेवाइकांना रोज नव्यानं समजावून सांगावा लागतो. माणूस शुद्धीवर आला या आनंदात बायको डबाभर केसरीभात घेऊन येते, आई तुपातला उपमा आणते. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न ढकललं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम कोसळतं आणि हृदयावर ताण येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांच्या बाबतीत हे डॉक्टरांनी पाहिलं होतं. मी त्या आईला म्हणते, "आई, आज चार चमचे. उद्या वाटी. परवा ताट." काही माउल्या डबा घेऊन तशाच बसून राहतात. त्यांना उठून जा म्हणवत नाही.

दारूच्या उपचारात आहाराकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही, हे माझं दुःख आहे. दिल्लीच्या एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात आणि त्यांपैकी पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना पिण्याच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. बेंगळुरात निम्हान्ससारखी मानसिक आरोग्याची संस्था आहे. होसूर रोडवरच्या मोठ्या आवारातल्या तिच्या व्यसनचिकित्सा विभागात दूरदूरहून माणसं येतात. पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' आहे, ते मराठी वाचकाला सांगायला नको. मनावर खूप काम झालं आहे, समुपदेशनावर झालं आहे. पण माणूस घरी गेल्यावर संध्याकाळी साडेसहाला काय खाणार, हा प्रश्न त्याला कुणी विचारत नाही. आणि माझ्या अनुभवात बहुतेकांची स्लिप, म्हणजे पुन्हा पिणं, साडेसहा ते आठच्या मधेच होते.

दारू सुटल्यावर भूक परत येते, पण माणसाला ती ओळखू येत नाही. वर्षानुवर्षं पोटात कालवाकालव झाली की त्यावर एकच उपाय होता. त्यामुळे आता साधी भूक लागली, साखर उतरली, अंग गळल्यासारखं झालं, तरी मन सांगतं की 'घोट हवा'. आतला निरोप भाकरीचा असतो आणि माणूस तो दारूचा म्हणून वाचतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मंडळींना हे फार आधी कळलं. त्यांच्या १९३९ च्या मूळ पुस्तकातच एका डॉक्टरचा सल्ला आहे की तलफ येईल तेव्हा जवळ गोड काहीतरी ठेवा. भुकेलं राहू नका, रागात राहू नका, एकटे राहू नका, दमून जाऊ नका, असं त्यांच्या बैठकीत सांगतात. त्यात भूक पहिली आहे.

म्हणून मी सगळ्यांना 'साडेसहाचा डबा' लिहून देऊ लागले. त्यात प्रथिनं हवीत, पोटाला आधार हवा, खिशात मावेल असं हवं. मी लिहिलं, भाजलेले शेंगदाणे एक मूठ, एक उकडलेलं अंडं, एक एलक्की केळं, एक पेला ताक. पोषणाच्या दृष्टीनं त्यात काहीही चूक नव्हती. काकांनी कागद वाचला, घडी घातली आणि गप्प बसले.

"काय झालं काका?"

"ताई, केळं आणि ताक सोडलं तर हा चाखणा आहे."

मला खरोखर सुचलं नव्हतं. इथं बेकरीत मिळणारे, हळद-तिखट-कढीपत्ता लावलेले, दोन फाकींत फुटलेले शेंगदाणे असतात. त्यांना 'काँग्रेस कडलेकाई' म्हणतात. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली त्यावरून ते नाव पडलं अशी गोष्ट सांगतात. काकांच्या दुकानाशेजारच्या बारमध्ये टेबलावर तीच बशी यायची. त्या वासाबरोबर त्यांना पुढचं सगळं आठवायचं, ग्लासचा आवाज, पाण्याची बाटली, शेजारचा मित्र. अंडंही तसंच. मिरपूड भुरभुरलेलं, चार फोडी केलेलं. मी त्यांना ज्या वेळेपासून वाचवायला निघाले होते, त्याच वेळेला मी त्यांच्या खिशात बारचं टेबल ठेवत होते.

तेव्हापासून मी आधी विचारते, "पिताना काय खायचात?" ते सगळं पहिल्या सहा महिन्यांच्या यादीतून काढते. मग उरलेल्यातून डबा. हरभऱ्याची उसळ ओलं खोबरं घालून, मूगडाळीची कोसंबरी, दही-पोहे, नाचणीचा लाडू. नाचणी इथल्या माणसाच्या हाडामांसातली. रागीमुद्दे, म्हणजे नाचणीचा शिजवलेला गोळा, आणि सोप्पिन सारू, म्हणजे पालेभाजीचं सार, यावर कितीतरी माणसं उभी राहिलेली मी पाहिली आहेत. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. दुसरं कुठलंही रोजचं धान्य तिच्या जवळपास येत नाही. पण मला मुद्दे आवडतो तो आणखी एका कारणासाठी. तो चावायचा नसतो, बोटांनी तोडून सारात बुडवून गिळायचा असतो. दात किडलेल्या, हिरड्या सुजलेल्या माणसालाही तो पोटभर खाता येतो. आणि बारमध्ये मुद्द्याबरोबर कुणी पीत बसत नाही.

आता वजनाकडे येते. ते मला टाळता येत नाही, कारण माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक त्याच्याशी निगडित आहे.

दारू सुटली की बहुतेकांचं वजन वाढतं. जिभेला चव येते, जठराचा दाह शमतो, आतडी पुन्हा नीट शोषू लागतात. गोडाची ओढ प्रचंड असते. काही औषधांनी भूक वाढते. खंगलेल्या माणसाचं वजन वाढणं ही बरं होण्याची खूणच आहे. पण ते एका जागी थांबत नाही. घरचे आधी म्हणतात, "अंग धरलं हो!" तीन महिन्यांनी तेच म्हणतात, "पोट बघ किती सुटलंय." ज्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी निभावलं आहे, त्याला लग्नात, नामकरणात, ऑफिसच्या कँटीनमध्ये त्याच्या पोटावरून बोलतात. दारू पीत होतास तेव्हा निदान सडपातळ होतास, असंही मी एका माणसाला त्याच्या सख्ख्या भावानं म्हटलेलं ऐकलं आहे.

ज्याच्या बाबतीत माझी ती चूक झाली, तो मुलगा एकतीस वर्षांचा होता. कंपनीत चांगली नोकरी. चार महिन्यांत ६२ किलोंचा ७३ झाला. मला म्हणाला, "मॅडम, आरशात बघवत नाही. काहीतरी करा." भारतीयांसाठी वजन-उंचीच्या गुणोत्तरात २३ च्या वर जादा वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. त्याचा आकडा २५ च्या पुढे गेला होता. मी तत्परतेनं तक्ता करून दिला. १४०० उष्मांक, साखर बंद, रात्रीचं जेवण हलकं, संध्याकाळचं खाणं बंद. तीन आठवड्यांत तो साडेतीन किलो उतरला. मी बैठकीत सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं. त्याचा चेहरा असा फुलला होता की आजही डोळ्यांसमोर आहे.

पाचव्या आठवड्यात तो प्यायला. नंतर त्यानं मला सगळं सांगितलं. सिल्क बोर्डच्या चौकात बस पाऊण तास अडकली होती. दुपारी त्यानं फक्त काकडी-गाजर खाल्लं होतं. हात थरथरायला लागले, घाम आला, डोकं भणभणलं. त्याला वाटलं ही जुनी तलफ परत आली, म्हणजे आपण काही सुधारलेलो नाही. मग बसमधून उतरला. "मला भूक लागली असेल असं डोक्यातच आलं नाही, मॅडम." तो परत आला, आज चांगला आहे. पण त्या दिवसांत काहीही घडू शकलं असतं. तो तक्ता माझ्या अक्षरातला होता.

त्यानंतर मी माझ्यापुरता एक नियम केला. पहिलं वर्ष दारूचं, वजन दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षात कुणालाही उपाशी ठेवायचं नाही, एकही जेवण चुकवायचं नाही, तीन जेवणं आणि दोन मधली खाणी ठरलेल्या वेळेला. चालायचं, जिने चढायचे, खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायचं. दारूनं स्नायू झिजलेले असतात, ते भरून येण्यासाठी प्रथिनांबरोबर हालचालही हवी. मधुमेह असेल, यकृतात चरबी साठली असेल, तर डॉक्टरांशी बोलून साखर आणि तळण कमी करते, पण तेही भूक न मारता. काही सहकाऱ्यांना माझा नियम सैल वाटतो. त्यांचं म्हणणं मी ऐकते. माझं मत बदललेलं नाही.

आणि वजनकाटा नेहमी खरं सांगतो असंही नाही. बस चालवणारे एक गृहस्थ होते, यकृताचा सिऱ्होसिस झालेला. दाखल झाले तेव्हा ७० किलो. बायको म्हणाली, वजन तर चांगलं आहे. हातपाय काटक्यांसारखे आणि पोट नगाऱ्यासारखं. पोटात पाणी साठलं होतं. उपचारानं पाणी उतरलं आणि पाच आठवड्यांत ते ६१ किलोंवर आले, तेव्हा त्यांना वाटलं आपण संपत चाललो. त्यांच्या दंडाचं माप मात्र एक सेंटिमीटरनं वाढलं होतं. मी त्यांना काट्यावर उभं करणंच बंद केलं. दर आठवड्याला दंड मोजायचे आणि आकडा मोठ्यानं वाचायचे. अशा यकृतात साखरेचा साठा राहत नाही, त्यामुळे एका रात्रीचा उपास त्या शरीराला दोन-तीन दिवसांच्या उपासासारखा पडतो आणि ते स्वतःचे स्नायू जाळायला लागतं. म्हणून झोपताना दुधातली नाचणीची गंजी. यकृत खराब म्हणून डाळ-अंडी बंद करा, असं पूर्वी सांगत. ते आता मागे पडलं आहे, पण शेजारीपाजारी अजून सांगतात आणि माणसं घाबरून नुसत्या भातावर राहतात.

भीतीनं अन्न सोडणारे फार असतात. डायसल्फिरामची गोळी घेणाऱ्या एका रुग्णानं इडली-डोसा सोडला होता. ही गोळी घेतलेली असताना दारू पोटात गेली तर चेहरा लाल होतो, धडधड वाढते, उलट्या होतात. १९४८ मध्ये डेन्मार्कच्या डॉक्टरांनी ती या कामी आणली. इडलीचं पीठ आंबतं, म्हणजे त्यात दारू असणार, असा त्याचा हिशेब. बेंगळुरात राहून दोन महिने त्यानं इडली खाल्ली नव्हती. मी त्याला घेऊन कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, उभ्यानं खायच्या उपाहारगृहात, गेले. उभ्यानं इडली खाल्ली, दोघांनी. त्याला काही झालं नाही. जपायचं असतं ते खोकल्याच्या काही औषधांना, दाढीनंतर लावायच्या लोशनला, व्हिनेगर ओतलेल्या रस्त्यावरच्या गोबी मंचुरीला.

बायकांबद्दल वेगळं आणि खूप लिहायला हवं. त्या आमच्याकडे कमी येतात, उशिरा येतात. तेवढीच दारू बाईच्या शरीरात जास्त चढते, कारण तिच्या शरीरात पाणी कमी असतं. नुकसानही लवकर होतं. एक जण पिण्याचे उष्मांक 'वाचवायला' रात्रीचं जेवण सोडायची. दारू सुटली तरी पोळीची भीती सुटली नाही. दिवसातून चार वेळा काट्यावर उभी राहायची. तिच्या बाबतीत मी एकटी पुरी पडले नाही. मानसोपचारतज्ज्ञ, तिची बहीण आणि मी, तिघींनी मिळून दीड वर्ष काढलं. तो काटा आजही बहिणीकडे आहे.

काका घरी गेल्यावर दर पंधरवड्याला यायचे. आले की आम्ही दर्शिनीत कॉफी घ्यायचो. ते नेहमी 'वन बाय टू' सांगायचे, एका कॉफीचे दोन भाग. मला वाटायचं काटकसर. चौथ्या महिन्यात एकदा त्यांनी काउंटरवर "एरडु फुल्ल" म्हटलं. दोन पूर्ण कॉफ्या. काठोकाठ भरलेले दोन्ही स्टीलचे पेले त्यांनी स्वतः उचलले, गर्दीतून वाट काढत उभ्या टेबलापर्यंत आणले आणि ठेवले. थेंब सांडला नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अर्धा पेला सांडत नाही, म्हणून अर्धा घ्यायचो." दहा वर्षं ते लोकांसमोर अर्धा पेला घेत होते. त्या दिवशी समासातल्या माझ्या रकान्यात मी 'दोन पूर्ण' एवढंच लिहिलं.

त्याच महिन्यात त्यांनी सुईत दोरा ओवला. मशीन आधीपासून मुलगा चालवत होता, काका नुसते काजं-बटणं बघत बसायचे. आता ते कापायला बसू लागले. गिऱ्हाईक पुन्हा त्यांच्या नावानं विचारू लागलं. दुकानात शेजारची माणसं "ऊट आय्ता?" विचारायची तेव्हा ते काय जेवलो ते सविस्तर सांगायचे, बस्सारू, मुद्दे, वर ताक. ऐकणाऱ्याला कंटाळा येईपर्यंत.

वजन वाढतच होतं. ५५, ५९, ६३. वर्ष होत आलं तेव्हा ६६. गुणोत्तर २३ च्या जरा वर, कंबर ९१ सेंटिमीटर. पुरुषांसाठी ९० ची रेषा मानतात, ती ओलांडली होती. जुन्या सगळ्या पँटी अंगाबाहेर गेल्या. मेहुण्यानं एका लग्नात पोटावर हात मारून काहीतरी म्हटलं आणि काका न जेवता घरी आले. रात्री काकूंचा मला फोन आला. काकूंच्या आवाजात ती जुनी भीती होती. मी म्हटलं, "आत्ता काय आहे घरात?" भात होता, सार होतं. "वाढा आणि शेजारी बसा." काकूंनी फोन तसाच चालू ठेवला. मला ताटाचा आवाज ऐकू येत होता.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत कडलेकाई परिषे भरते, शेंगांची जत्रा. बसवण्णाच्या देवळापुढे रस्त्याच्या दोन्ही कडांना शेंगांचे ढीग लागतात. मागडीकडचे, कोलारकडचे, तमिळनाडूतले शेतकरी येतात. त्या वर्षी काका जत्रेहून थेट माझ्याकडे आले. हातात कागदी पुडी, आत मिठात उकडलेल्या शेंगा, अजून गरम.

"चालतील?" मी विचारलं.

"या उकडलेल्या आहेत. लहानपणी आईबरोबर खायचो. त्या वेगळ्या." त्यांनी एक शेंग सोलून दाणा माझ्या हातावर ठेवला. मग स्वतः खाल्ला. आम्ही अर्धी पुडी संपवली.

त्यांच्या अंगात नवा शर्ट होता, फिकट निळा. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, स्वतःचा स्वतः शिवला. दहा वर्षांनी. मी उठून जवळून बघितला. कॉलर नीट बसलेली, टाके मोजून घातल्यासारखे. त्यांनी कडेची शिवण उलटी करून दाखवली. आत दोन्ही बाजूंना भरपूर कापड सोडलेलं होतं. शिवणीत सोडलेल्या त्या जादा कापडाला आपल्याकडे माया म्हणतात. माझी आईही ब्लाउज शिवायला टाकताना शिंप्याला बजावायची, माया ठेव म्हणून.

"गिऱ्हाइकाला मी अर्धा इंच ठेवतो," काका म्हणाले. "इथं दीड ठेवलीय. पुढच्या वर्षी तुम्ही वजन उतरवणार ना माझं? मग आत घेईन. नाही उतरलं तर सोडेन. कापड तेच राहील."

मग त्यांनी खिशातून टेप काढली आणि माप घ्यायला माझ्यासमोर उभे राहिले. मी ती मागून आडवी आणली, पुढे टोकं जुळवली, आत दोन बोटं घातली. त्यांनी मान वळवून पाठीमागे बघितलं, टेप सरळ आहे का ते.

"बरोबर धरलीत," म्हणाले. "वाचा."